रबाब आणि निर्वासन
अफगाण निर्वासितांच्या गाण्याचा एक अभ्यासक



विद्यालयाच्या या स्मृतिव्याख्यानासाठी मला निमंत्रित केले, याबद्दल मी संयोजकांचा ऋणी आहे. विषय जाहीर झाल्यावर काही स्नेह्यांनी विचारले, की मराठीच्या प्राध्यापकाने अफगाण निर्वासितांच्या गाण्याविषयी काय म्हणून बोलावे? प्रश्न रास्त आहे. त्याचे एक उत्तर याच ग्वाल्हेर शहरात आहे. सरोदवादनाचे थोर आचार्य हाफिज अली खाँ (१८८८–१९७२) या दरबाराचे कलावंत. त्यांचे बंगश पूर्वज अफगाण भूमीतून रबाब घेऊन हिंदुस्थानात आले, असे त्या घराण्याची परंपरा सांगते. रबाबाच्या आतड्याच्या तारा जाऊन धातूच्या आल्या, पडदे गेले, लाकडी पट्टीवर पोलादी पत्रा चढला आणि सरोद सिद्ध झाला. ज्या वाद्याचा नाद आपण आपला मानतो, त्याचे आजोळ काबूल-हेरातकडे आहे. दुसरे उत्तर असे, की मायप्रांतापासून दूर राहून भाषा सांभाळण्याचा उद्योग आपण या गावी पिढ्यान्‌पिढ्या करीत आलो आहोत. घरापासून तुटलेल्या माणसांजवळ काय उरते आणि ते कशाच्या बळावर उरते, हा प्रश्न आपल्यालाही परका नाही.

या प्रश्नाचा ध्यास घेऊन ज्याने जवळजवळ अर्धे शतक घालवले, अशा एका अभ्यासकाची आज ओळख करून द्यावयाची आहे. त्याचे नाव जॉन बेली.

१. शागिर्दीची वाट

बेली हे मूळचे मानसशास्त्रज्ञ. ससेक्स विद्यापीठात त्यांनी प्रायोगिक मानसशास्त्रात डॉक्टरेट मिळवली आणि पुढे बेलफास्ट येथे जॉन ब्लॅकिंग या थोर संगीत-मानवशास्त्रज्ञांच्या सहवासात ते संगीताच्या अभ्यासाकडे वळले. १९७३ ते १९७७ या काळात पत्नी व्हेरोनिका डबलडे यांच्यासह ते पश्चिम अफगाणिस्तानातील हेरात शहरी जाऊन राहिले. प्रारंभीचा विषय मर्यादित होता. हेरातचे दुतार हे मूळचे दोन तारांचे ग्रामीण वाद्य थोड्याच काळात चौदा तारांचे कसे झाले, आणि वाद्याची घडण बदलली की वादकाच्या हाताची चाल व तिच्याबरोबर सूरही कसे बदलतात, हे त्यांना पाहावयाचे होते.

परंतु हाताची चाल नुसती पाहून कळत नाही. म्हणून ते स्वतः शिकावयास बसले. दुतार शिकले, रबाब शिकले. काबूलचे विख्यात रबाबवादक उस्ताद मोहम्मद उमर यांच्याकडून त्यांनी धडे घेतले आणि हेरातच्या खुशनवाज या वंशपरंपरागत वादक कुटुंबाशी जिव्हाळ्याचे नाते जोडले. वाजवण्यास शिकणे हीच संशोधनाची पद्धती होय, असा सिद्धान्त त्यांनी पुढे शोधनिबंधातून मांडला. आपल्याकडील गुरुगृही राहून विद्या घेणाऱ्यांना यात नवल वाटणार नाही. पाश्चात्य विद्यापीठातील संशोधकाने मात्र टिपणवही बाजूस ठेवून शागीर्द व्हावे, ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती. शागीर्दाला घरात प्रवेश मिळतो, उस्तादाच्या सुखदुःखाचा तो वाटेकरी होतो. पुढे या उस्तादांवर आपत्ती कोसळली तेव्हा बेली त्यांच्यामागून गेले ते याच नात्याने.

डबलडे यांनीही असाच मार्ग धरला. परपुरुषांना मज्जाव असलेल्या स्त्रियांच्या मैफलीत त्या बसल्या, दायरा नावाचे डफासारखे वाद्य वाजवून लग्नातील गाणी गाऊ लागल्या. १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेला ‘हेरातच्या तीन स्त्रिया’ हा त्यांचा ग्रंथ आणि त्याच वर्षीचा हेरातच्या व्यावसायिक वादकांवरील बेलींचा ग्रंथ एकमेकांना पूरक आहेत.

२. शौकी आणि कसबी

हेरातच्या संगीतव्यवहारात बेलींना दोन शब्द वारंवार आढळले : शौकी आणि कसबी. शौकी म्हणजे आवडीपोटी गाणारा, वाजवणारा. कसबी म्हणजे ज्याचा तो पिढीजात धंदा आहे तो. या दोन शब्दांत एक अवघी समाजरचना दडलेली आहे. शौकी माणसाला थोडीफार प्रतिष्ठा मिळे. कसब्याला लग्नात बोलावले जाई, त्याचे कौतुक होई, परंतु त्याच्या घरी सोयरीक करावयास कोणी तयार नसे. सनई-ढोल वाजवणारे तर बहुधा न्हावीकाम करणारे असत आणि त्यांची पायरी आणखी खालची मानली जाई.

श्रोतेहो, ‘कसब’ हा शब्द आपल्या मराठीतही आहे. ‘कसबी कारागीर’ म्हटले की आपण गौरव करतो. त्याच शब्दाला स्त्रीवाचक प्रत्यय लागून ‘कसबीण’ झाले, की तो शब्द शिष्ट घरात उच्चारवत नाही. कलेवर प्रेम करावे आणि कलावंताला उंबरठ्याबाहेर ठेवावे, ही रीत केवळ अफगाणांची नाही.

काबूलमध्ये या कसबी मंडळींची वस्ती होती ती खराबात नावाच्या गल्लीत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमीर शेर अली खानाने हिंदुस्थानातून गवई-वादक नेऊन आपल्या महालाजवळ वसवले, त्यांचे वंशज आणि शिष्य म्हणजे खराबातचे उस्ताद. फारसी सूफी काव्यात ‘खराबात’ म्हणजे मद्यशाळा. शब्दशः अर्थ उद्ध्वस्त जागा. या गल्लीत फारसी गझल हिंदुस्थानी रागतालांत बांधून गायली जाऊ लागली, साथीला हार्मोनिअम, तबला आणि रबाब. उस्ताद मोहम्मद हुसेन सराहंग (१९२४–१९८३) हे येथील श्रेष्ठ गायक. ते पतियाळा घराण्यात शिकलेले. ते ज्याच्या गझला विशेष आवडीने गात तो कवी बेदिल हाही हिंदुस्थानचाच, त्याची कबर दिल्लीस आहे. उस्तादाने शिष्याच्या मनगटास दोरा बांधण्याचा तेथील विधी आपल्या गंडाबंधनाचा सख्खा भाऊ शोभतो.

पुढे १९४० नंतर काबूल रेडिओ हे देशातील संगीताचे केंद्र बनले. पश्तू लोकगीतांची धाटणी, फारसी शब्दकळा आणि खराबातच्या उस्तादांची हिंदुस्थानी तालीम यांच्या मिश्रणातून रेडिओने एक नवे लोकप्रिय गाणे घडवले. भाषांनी व टोळ्यांनी विभागलेल्या देशाला एकत्र ऐकावयास मिळालेले हे पहिले गाणे. बेलींच्या अभ्यासातील हा मुद्दा मला फार मोलाचा वाटतो. परदेशी गेलेला अफगाण ‘आपल्या मातीचे गाणे’ म्हणून जे डोळे मिटून ऐकतो, ते अनेक मातींचे आहे आणि फारसे जुनेही नाही. तरीही ते त्याचे आहे, यात शंका नाही.

३. पेशावर

एप्रिल १९७८ मध्ये काबूलमध्ये साम्यवाद्यांनी सत्ता बळकावली, डिसेंबर १९७९ मध्ये सोव्हिएत फौजा देशात शिरल्या. दहाएक वर्षांत ६० लाखांवर माणसे देशाबाहेर गेली, बहुतेक पाकिस्तान आणि इराण या दोन शेजारी देशांत. १९८५ मध्ये बेली पेशावरला पोहोचले, तेव्हा त्यांच्या हाती चित्रपटाचा कॅमेरा होता. हेरातमध्ये ओळख झालेला अमीर नावाचा रबाबवादक त्यांना तेथे भेटला. त्याच्या निर्वासित जीवनावर त्यांनी काढलेला माहितीपट ‘अमीर’ या नावाने प्रसिद्ध आहे.

निर्वासितांच्या छावण्यांत विरहाची गाणी उसळत असतील, अशी आपली समजूत असते. पेशावरचे चित्र निराळे होते. छावण्यांत गाण्याबजावण्यास बंदी होती. धर्मगुरूंचा प्रभाव हे त्याचे एक कारण. दुसरे असे, की घरोघरी कोणीतरी मारले गेलेले, तेव्हा अवघा समाजच सुतकात आहे, त्यात वाद्ये कशी वाजवावीत? लढ्याची कवने तेवढी ध्वनिफितींवरून बाजारात विकली जात. परिणामी कसबी वादक छावणीत राहू शकत नव्हता. तो शहरात भाड्याच्या खोलीत राही आणि उदरनिर्वाहासाठी स्थानिक पठाणांच्या लग्नांत वाजवी. अमीर हा फारसीभाषी हेरातकर. तो आता एका पश्तू गायकाच्या ताफ्यात होता. म्हणजे निर्वासितांचा वादक निर्वासितांसाठी वाजवतच नव्हता. ज्या समाजाची ओळख त्याच्या बोटांत होती, त्या समाजाने त्याला दूर ठेवले होते.

इस्लाम आणि संगीत यांचे नाते एका वाक्यात निकालात काढणाऱ्यांनी येथे थांबून विचार करावा. चिश्ती परंपरेचे नाव ज्या गावावरून पडले ते चिश्त हेरातच्याच पूर्वेस आहे. तेथून निघालेली परंपरा अजमेरला पोहोचली आणि तिने समा, म्हणजे भक्तिगायनाचे श्रवण, ही उपासना मानली. पेशावरमध्येही अफगाण चिश्तींच्या बैठकी भरत, त्यांत रबाब वाजे. एकाच धर्माची माणसे, एकाच शहरात, एकाच संकटात. एका ठिकाणी वाद्य निषिद्ध, दुसऱ्या ठिकाणी तेच ईश्वरस्मरणाचे साधन. बंदी घालणारा आणि ऐकणारा दोघेही आपापल्या परीने ‘आपण कोण’ या प्रश्नाचेच उत्तर देत होते.

४. मशहद आणि फ्रीमाँट

बेलींनी पुढे इराणातील मशहद आणि अमेरिकेतील कॅलिफोर्निया येथील अफगाणांची तुलना केली. १९९९ मध्ये निर्वासितांच्या प्रश्नास वाहिलेल्या एका नियतकालिकात त्यांनी तिचा सारांश मांडला. मशहदला भाषा एक, परंतु सार्वजनिक संगीतावर तेथील राजवटीचे निर्बंध होते आणि अफगाण मजूर म्हणून हीन लेखला जाई. कॅलिफोर्नियातील फ्रीमाँट शहरी मोकळीक होती, पैसा होता, पण भाषा, शेजार, मुलांची शाळा सारेच परके होते.

नवे गाणे जन्मले ते या दूरच्या, परक्या जागी. लग्नसमारंभात विजेवर चालणारा कीबोर्ड आला, यंत्राचा ठेका आला, आणि गाणारे बहुतेक शौकी घरांतले तरुण होते. कसबी घराणी तिथवर फारशी पोहोचलीच नव्हती. त्यांच्या ध्वनिफिती मग पेशावरकडे आणि काबूलकडे परत येऊ लागल्या. जवळ राहिलेल्यांनी जुने धरून ठेवले आणि दूर गेलेल्यांनी नवे घडवले, असा हा उलटा प्रवाह. फ्रीमाँटवरील माहितीपटाच्या नावातच त्यांनी तबला आणि यांत्रिक ढोल यांची जोडी लावली आहे. जुन्याच्या अभिमान्यांना हे यंत्राचे गाणे भ्रष्ट वाटले. बेलींनी मात्र त्याला नाक मुरडले नाही. परदेशात वाढलेल्या मुलांना एका रांगेत नाचवणारे, फारसी शब्द ओठांवर आणणारे गाणे त्यांच्या आईबापांना हवे होते. ती गरज या गाण्याने भागवली.

५. शांत झालेली गल्ली

सोव्हिएत फौजा फेब्रुवारी १९८९ मध्ये परतल्या, एप्रिल १९९२ मध्ये काबूल मुजाहिदीनांच्या हाती आले. त्यांच्या आपापसातील लढाईत खराबात गल्ली जमीनदोस्त झाली; नावाचा शब्दशः अर्थ तेवढा खरा ठरला. उस्ताद पेशावरला पळाले. १९९४ मध्ये बेली हेरातला गेले, तेव्हा वादकांना परवाने घ्यावे लागत आणि काय गावे हेही ठरवून दिलेले असे. सप्टेंबर १९९६ मध्ये तालिबान काबूलमध्ये आले आणि वाद्यसंगीत संपूर्ण निषिद्ध झाले. फोडलेल्या ध्वनिफितींच्या पट्ट्या तपासणी नाक्यांवर लोंबकळत. तालिबानांनी वाद्यांविना गायिलेली स्तुतिकवने, म्हणजे तराणे, तेवढे मान्य केले. परंतु तेही ऐकता पश्तू लोकसंगीताच्या सुरावटींवरच बेतलेले आहेत, हे बेलींनी दाखवून दिले. बंदी घालणाऱ्यालाही सुराशिवाय आपली ओळख सांगता आली नाही.

या बंदीचा वृत्तान्त बेलींनी २००१ मध्ये एका अहवालात लिहिला. पाखरांचे गाणे तुम्ही थांबवू शकाल काय, असा प्रश्नच त्याचे शीर्षक आहे. हेरातचे लोक बुलबुलाच्या गाण्याला ईश्वराचे नामस्मरण मानतात आणि मैफलीत पिंजरा जवळ ठेवतात, ही पार्श्वभूमी ध्यानी घेतली म्हणजे त्या प्रश्नाची धार कळते.

२००१ च्या अखेरीस तालिबानांची पहिली राजवट संपली. पुढच्याच वर्षी बेली काबूलला गेले. काही उस्ताद परतले होते, पण मधल्या वीस वर्षांत एक पिढी शिकावयाची राहून गेली होती. ध्वनिमुद्रणे होती, रेडिओच्या संग्रहातील बराच भाग तेथील कर्मचाऱ्यांच्या धैर्यामुळे वाचला होता. परंतु फितीवरून राग ऐकता येतो, बोटांची ठेवण शिकता येत नाही. म्हणून आगाखान न्यासाच्या साह्याने उस्तादांना वेतन देऊन त्यांच्यापुढे शागीर्द बसवण्याची योजना काबूलमध्ये सुरू झाली आणि तिच्या उभारणीत बेलींचा हात होता. पूर्वी उस्तादांकडून जे घेतले, ते परत करण्याची ही रीत मला थोर वाटते. या साऱ्या प्रवासाचे समग्र कथन त्यांनी २०१५ मध्ये ग्रंथरूपाने केले.

२०१० मध्ये अहमद नासर सरमस्त यांनी काबूलमध्ये राष्ट्रीय संगीत विद्यालय सुरू केले. मुले-मुली एकत्र शिकत. मुलींचा ‘जोहरा’ हा वाद्यवृंद देशोदेशी गाजला. ऑगस्ट २०२१ मध्ये तालिबान परतले. विद्यालयाशी संबंधित २७३ जणांनी देश सोडला आणि पोर्तुगालमध्ये आश्रय घेतला. जुलै २०२३ मध्ये हेरात प्रांतात वाद्यांची होळी करण्यात आली. ज्या हेरातमध्ये बेली शागीर्द झाले, त्याच भूमीवर. डिसेंबर २०२४ मध्ये युनेस्कोने रबाब घडवण्याची व वाजवण्याची कला मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत घातली. अफगाणिस्तान, इराण, ताजिकिस्तान व उझबेकिस्तान या चार देशांच्या नावाने. सन्मान उचितच आहे. मात्र यादीत नाव आल्याने हातांना तालीम मिळत नाही.

६. आपल्यापुरते

या इतिहासातून आपण काय घ्यावे? आपली तुलना निर्वासितांशी करण्याचे धाडस मी करणार नाही. आपले पूर्वज शिंद्यांच्या फौजेबरोबर आणि दप्तराबरोबर येथे आले, सत्तेच्या छायेत वसले. ज्याची गल्ली तोफांनी उद्ध्वस्त झाली त्याच्या दुःखावर आपला हक्क नाही. परंतु त्याच्या अनुभवातून शिकण्याचा हक्क सर्वांना आहे.

पहिली गोष्ट ही, की ओळख रक्तात किंवा जमिनीत असते हा समज गाण्याच्या बाबतीत टिकत नाही. हिंदुस्थानातून गेलेल्यांनी अफगाणांचे गाणे घडवले आणि अफगाणांच्या रबाबातून आपला सरोद झाला. ग्वाल्हेरची गायकी हद्दू-हस्सू खाँ यांच्या परंपरेतून वासुदेवबुवा जोशी यांच्याकडे आली, त्यांच्याकडून बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी ती महाराष्ट्रात नेली, आणि त्यांचे शिष्य विष्णु दिगंबर पलुसकर यांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. या साखळीत धर्म बदलला, भाषा बदलली, प्रांत बदलला. गुरूसमोर शिष्य बसला, एवढे मात्र कोठेही चुकले नाही.

दुसरी गोष्ट अधिक बोचरी आहे. अफगाण समाजाचा ठेवा ज्यांच्या हाती होता, ते त्या समाजातले सर्वांत उपेक्षित लोक होते. संकट आले तेव्हा प्रथम तेच गप्प झाले, आणि मागाहून हळहळणाऱ्यांत त्यांना पूर्वी हिणवणारेही होते. आपणही आपल्या संस्कृतीचा गौरव समारंभात करतो. पण तिचे ओझे ज्यांच्या खांद्यावर आहे, त्यांची विचारपूस करतो काय? पेटी दुरुस्त करणारा कारागीर, तबल्याला पुडी चढवणारा, लग्नात सनई वाजवणारा, आणि तुटपुंज्या मानधनावर मराठीचा तास घेणारी शिक्षिका, हे आपले कसबी लोक होत.

१९१८ मध्ये पंडित भातखंडे यांच्या मार्गदर्शनाखाली याच शहरात माधव संगीत विद्यालय उभे राहिले. घराण्यांच्या बंद दारांआडची विद्या सामान्य मुलांपर्यंत आणावी, हा त्यामागचा हेतू. आजच्या माजी विद्यार्थ्यांत देशापरदेशांत स्थिरावलेले पुष्कळ जण आहेत. तुमच्या नातवंडांची मराठी किंवा त्यांचे गाणे तुमच्यासारखे असणार नाही; फ्रीमाँटच्या तरुणांप्रमाणे ती त्यात आपले काही मिसळतील. त्याचे वैषम्य मानू नका. त्यांच्यासमोर कोणी शिकवणारे बसले आहे की नाही, एवढे मात्र पाहा, आणि नसेल तर तुम्ही बसा.

ज्या गुरुजनांच्या स्मरणार्थ ही व्याख्याने होतात, त्यांनी आयुष्यभर हेच केले. त्यांच्या स्मृतीस अभिवादन करून मी आपली रजा घेतो.